मागीर, यंदा कोणाक?

आज रविवार, 5 मे 2024. संध्याकाळी सहाला प्रचाराचे भोंगे गप्प झाले आणि कितीतरी दिवसांनी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा पोंऽपों नीट ऐकू आला. परवा मंगळवारी, 7 मेला गोव्यात लोकसभेचं मतदान. माझं अजून ठरलेलं नाही. कबूल केलं म्हणून लगेच इनबॉक्समध्ये धावू नका.

डिचोलीत न ठरलेला मतदार असणं म्हणजे लग्नाळू मुलगा असणं. जो येतो तो स्थळ घेऊनच येतो. महिनाभरात आमच्या सोप्यावर तिन्ही पक्षांची माणसं बसून गेली. एक शाळासोबती, एक बायकोचा चुलतभाऊ, एक आमचाच वायरमन. तिघांना एकाच बाटलीतलं कोकम सरबत. तिघांचाही प्रश्न एकच, "मागीर, यंदा कोणाक?" म्हणजे, मग यंदा कोणाला? मी हसलो. उठताना तिघेही म्हणाले, "तू आमचोच मरे!" माझ्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने घरी नेला.

भाच्याचं हे पहिलंच मतदान. त्याला उमेदवार समजावून सांगताना माझीच दमछाक झाली. भाजपचे श्रीपाद नाईक 1999 पासून सलग खासदार, म्हणजे हा जन्मायच्या आधीपासून. रमाकांत खलप त्याच्याही आधीचे. 1996 साली मगोच्या, म्हणजे महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या, सिंहावर इथूनच निवडून गेले, केंद्रात कायदा राज्यमंत्री झाले, आता काँग्रेसच्या हातावर उभे. "मामा, नवीन काही नाही?" मग आरजीच्या, म्हणजे रिव्होल्युशनरी गोवन्सच्या, मनोज परबांचं पत्रक दिलं. वाचून म्हणतो, हे बाहेरच्यांवर फार चिडलेत, माझा रूममेट बेळगावचा आहे. झालं. आता घरात न ठरलेले दोन.

लोकसभेच्या 543 जागांत आमच्या दोन. दोन्ही खासदार एका स्कूटरवर बसून संसदेत जातील एवढे. तरी आमचे लाड बघा, पंतप्रधान सांकवाळला येऊन गेले, गृहमंत्री म्हापशाला. रहदारी अडली की आम्ही ओळखतो, देशाचं भवितव्य ठरतंय.

पण या प्रचारात खरी करमणूक केली ती म्हादईने, म्हणजे कर्नाटकातून गोव्यात येणाऱ्या नदीच्या पाण्याच्या भांडणाने. रडून उपयोग नाही म्हणून करमणूक म्हणतोय. 2018 साली लवादाने पाणी वाटलं. कर्नाटकला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट), आम्हाला 24, महाराष्ट्राला 1.33. डिसेंबर 2022 मध्ये केंद्रीय जल आयोगाने कळसा-भांडुराच्या, म्हणजे म्हादईचं पाणी वळवण्याच्या कर्नाटकच्या प्रकल्पाच्या, अहवालाला मंजुरी दिली. तेव्हा पणजी, बंगळुरू आणि दिल्ली तिन्हीकडे भाजप. इथले काँग्रेसवाले तुटून पडले, योग्यच होतं. पुढच्याच मे महिन्यात बंगळुरूत काँग्रेस आली आणि आता उरलेल्या परवानग्या लवकर द्या म्हणून तीच दिल्लीच्या मागे लागली आहे. कर्नाटकात जाणारा चोर्ला घाट चढताना आपल्या कानांना दडे बसतात ना, तसं पक्षांचं होत असावं. घाटाखाली ऐकलेलं वर ऐकू येत नाही. शाळासोबती आणि मेव्हणा या दोन पक्षांचे, दोघांना मी हे वेगवेगळं विचारलं. एकाने घड्याळ बघितलं, दुसऱ्याने आणखी सरबत मागितलं. माझं ठरत नाही ते इथे. दोघांपैकी एकाने जरी "होय रे, आमचं चुकलं" म्हटलं असतं तर कदाचित त्याच दिवशी ठरलं असतं.

बायको म्हणते, हे तुमच्या रक्तातच आहे. तिचा रोख आजीवर. 16 जानेवारी 1967 चा जनमत कौल, गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरचा. आजोबा फुलाचे, विलीनीकरणवाले, मराठीसाठी भांडण काढणारे. 34,021 मतांनी दोन पानं, म्हणजे वेगळं राहायची खूण, जिंकली आणि आजोबा दोन दिवस धड जेवले नाहीत. आजी मत देऊन आली, कळशी उचलून विहिरीवर गेली. तिने शिक्का कुठे मारला ते आजोबा शेवटपर्यंत विचारत राहिले. ती शेवटपर्यंत "भात वाढू?" म्हणत राहिली.

कायद्याने आता ड्राय डे. तोही ऐन हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या ताज्या दारूच्या, दिवसांत! न ठरलेल्यांची ठरवायची जागाच बंद. 12 तारखेला शिरगावला लईराई देवीची जत्रा. शाळासोबती आणि मेव्हणा दोघेही धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, दोघांचं व्रत सुरू होतंय, तेव्हा निदान सोवळ्यात तरी मला कुणी काही विचारणार नाही.

व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी 7 सेकंद दिसते म्हणे. मला तेवढ्यातही शंका येईल.

बायकोचं मात्र ठरलंय. कोण ते विचारलं, तर म्हणाली, "भात वाढू?"