पेठेतल्या वाड्याला ‘पडका’ म्हणण्यापूर्वी

पुण्याच्या मध्यवस्तीत, म्हणजे कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांत, जुना वाडा विकायला निघाला की त्याची किंमत बहुधा वाड्याकडे न पाहताच ठरते. एजंट जागेचे क्षेत्र विचारतो, समोरच्या रस्त्याची रुंदी विचारतो, एफएसआयचा, म्हणजे त्या जागेवर किती बांधकाम करता येईल याचा, हिशेब मनातल्या मनात करतो आणि ‘बांधकामाचं काय, पडकंच आहे’ असे म्हणून चार पिढ्या नांदलेल्या घराचा निकाल लावून मोकळा होतो. दुसरीकडे हौशी मंडळी असतात. ती दिंडी दरवाजा, खांबावरचे कोरीव काम आणि चौकातले तुळशीवृंदावन पाहून हरखून जातात व तेवढ्यावरच मन ठरवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की यांपैकी कोणीच घर पाहत नाही. सध्या आम्ही घरची मंडळी शनिवार पेठेतला एक लहान, एकचौकी वाडा राहण्यासाठी घ्यावा की नाही याचा खल करीत आहोत, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा जागेच्या भावाचा. शनिवारवाडा हे केंद्रीय पुरातत्त्व खात्याचे संरक्षित स्मारक आहे, आणि 1958 च्या कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा स्मारकाच्या हद्दीपासून 100 मीटरपर्यंतचा पट्टा प्रतिबंधित व त्यापुढचा 200 मीटरचा पट्टा नियंत्रित मानला जातो. प्रतिबंधित पट्ट्यात खासगी माणसाला नवे बांधकाम करता येत नाही. दुरुस्ती करता येते, पण तीही रीतसर परवानगी काढून. असे असताना त्या पट्ट्यातल्या वाड्याचा भाव ‘येथे पाच मजले उठतील’ असे धरून सांगणे म्हणजे जे विकता येत नाही त्याचे पैसे मागणे होय. एजंटाला हे विचारले तर ‘नियम बदलतोय, थोडं थांबा’ हे उत्तर ठरलेले असते. बदलेल तेव्हा बदलेल. आज मात्र तेथे उभे असलेले घर हीच खरी मालमत्ता आहे, आणि ज्याला सगळे शून्य किंमत देतात त्याचीच नीट पारख करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता घराविषयी. पेठेतल्या वाड्याचा भार बहुतेक ठिकाणी भिंतींवर नसून सागवानी सांगाड्यावर असतो. घडीव दगडाचे जोते, त्यावर तळखडे म्हणजे खांबाखालचे बैठकीचे दगड, तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया आणि तुळयांवर कडीपाट, म्हणजे लाकडी कड्या व फळ्या, अशी ही रचना आहे. मधल्या भिंती पांढऱ्या मातीच्या किंवा विटांच्या असून त्या बऱ्याच अंशी खांबांमधले खण भरून काढण्यापुरत्या असतात. त्यामुळे पाहुण्याला धडकी भरवणारी भिंतीवरची लांब भेग पुष्कळदा किरकोळ निघते, आणि ज्याकडे कोणाचे लक्षही जात नाही तो खांबाचा बुडखा सगळ्या घराचे भवितव्य ठरवतो. लाकडाचे दोन शत्रू, ओल आणि वाळवी. दुसरी पहिलीच्या मागोमाग येते. म्हणून वाडा पाहताना मी कोरीव कामाकडे शेवटी पाहतो आणि पाणी कोठून येते व कोठे जाते हे आधी पाहतो.

आम्ही सोबत एका वयस्कर सुताराला नेले होते. त्यांनी माजघरातल्या प्रत्येक खांबावर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिले. ते सगळे खणखणीत वाजले. मागच्या सोप्यातला कोपऱ्याचा खांब मात्र बद्द वाजला. त्याच्या बरोबर वर, माडीवर, पूर्वीच्या एका भाडेकरूने मोरी काढलेली होती आणि तिचे पाणी कित्येक वर्षे त्या खांबाच्या अंगाने उतरत होते. वरून ऑइलपेंटचे जाड पुट असल्यामुळे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, पण त्यांनी बुडाशी पटाशीची कड टेकवून जरासा दाब दिला तेव्हा ती बोटाच्या पेराएवढी आत गेली आणि बाहेर आली ती ओल्या भुशासकट. घरमालक कानकोंडे झाले. सुतार मात्र शांतपणे म्हणाले, “काका, घाबरू नका. अख्खा खांब बदलायचा नाही. तुळईला टेकू देऊन हातभर बुडखा कापायचा, जुन्याच सागाचा तुकडा सांध्यात बसवायचा. पण वरची मोरी आधी बंद करा, नाहीतर माझं काम पाण्यात.” ज्याला एजंट पडके म्हणतो आणि हौशी माणूस प्राचीन म्हणतो, त्याचे खरे स्वरूप बहुतेक वेळा इतके साधे असते: एक खांब, एक मोरी आणि दुरुस्तीचा एक ठरावीक खर्च.

याच कारणाने मला नव्याने रंगवलेल्या वाड्याची अधिक धास्ती वाटते. मातीच्या भिंतीत शिरलेली ओल चुन्याच्या किंवा मातीच्या गिलाव्यातून हळूहळू सुकत असते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला की ती आतच कोंडते, भिंत पोटात फुगते आणि तिच्यात गाडलेली तुळईची टोके कुजू लागतात. कडीपाटावरच्या मातीवर पुढे कोणी शहाबादी फरशी आणि तिच्यावर आणखी टाइल्स बसवल्या असतील, तर तुळयांवरचे ओझेही वाढलेले असते. माडीवर चालताना जमीन हलते का, तुळई मध्यावर झोकली आहे का, कौले काढून पत्रे टाकले असतील तर पन्हाळीचे पाणी चौकात पडते की भिंतीत मुरते, हे शक्य असल्यास भर पावसात जाऊन पाहावे. उन्हाळ्यात सगळेच वाडे देखणे दिसतात.

नदीकडच्या पेठांत आणखी एक चौकशी आवश्यक आहे. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा या भागातल्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळून असंख्य घरे बसली. त्यामुळे एकाच वाड्याचा पुढचा भाग जुना आणि मागचा भाग पुरानंतर विटा-लोखंडात बांधलेला, असे प्रकार आढळतात, आणि या दोहोंच्या सांध्यावरच भेगा पडतात. महापालिकेच्या नकाशावर निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे नेहमीच्या व मोठ्या पुराची हद्द, कोठून जाते हेही तेव्हाच पाहून घ्यावे.

शेजाऱ्याचे घर पाहण्याची कल्पना फार थोड्यांना सुचते. पेठेतले वाडे एकमेकांना खेटून आणि अनेकदा सामाईक भिंतीने उभे आहेत. शेजारचा वाडा पाडून तेथे पार्किंगसाठी खोल खड्डा खणला गेला की आपल्या भिंतीचा आधार जातो, आणि आजवर कधीच पाऊस न लागलेली मातीची बाजू उघड्यावर येते. आम्ही पाहत असलेल्या वाड्याच्या पूर्वेला असाच एक वाडा रिकामा पडलेला आहे. माझ्या लेखी हा त्या कुजलेल्या खांबापेक्षा मोठा धोका आहे, कारण खांब आपल्या हातात आहे, शेजार नाही.

आणि मग कागद. मालमत्ता पत्रकावर आजोबांचे नाव आणि विकायला बसलेले दोन नातू, हे चित्र पेठेत नवे नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलींना मुलांइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केले. तेव्हा ‘आत्यांचं काही म्हणणं नाही’ हे वाक्य चहाबरोबर ऐकून घ्यावे, पण नोंदणीकृत हक्कसोडपत्र पाहिल्याशिवाय इसार देऊ नये.

भाडेकरूंचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जुन्या भाडेकरूंना 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचे संरक्षण आहे. वाडा पडला की भाडेकरू आपोआप सुटतील अशी एक लबाड समजूत पेठांत अजून प्रचलित आहे आणि तिच्या भरवशावर काही मालक कौलेसुद्धा फेरत नाहीत. इमारत नष्ट झाली म्हणून भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2014 सालीच दिलेला आहे. महापालिकेने महानगरपालिका कायद्याच्या कलम 264 खाली धोकादायक इमारतीची नोटीस कधी बजावली होती का, हेही विचारावे. नोटीस असेल तर ती दुरुस्तीची होती की पाडण्याची, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

गणपतीतल्या दहा दिवसांच्या आवाजाबद्दल बोलायचे तर ज्याला तो सोसत नाही त्याने पेठेत घर पाहूच नये. गाडी लावायला जागा नाही हे खरे आहे, परंतु कसबा पेठ आणि मंडई ही मेट्रोची भुयारी स्थानके 2024 च्या सप्टेंबरात सुरू झाल्यापासून मला स्वतःला ते वैगुण्य पूर्वीइतके मोठे वाटत नाही. बँकेचे कर्ज ही अडचण मात्र खरी आहे, कारण इमारतीचे उरलेले आयुष्य किती, असे बँक विचारते आणि माती-लाकडाच्या घरापुढे तिचा मूल्यांकनकार पहिल्यांदा घसाऱ्याचा तक्ताच उघडतो.

आमचा हिशेब सध्या असा आहे: तेवढ्याच चटईक्षेत्राच्या जुन्या फ्लॅटचा त्या भागातला भाव धरायचा, त्यातून सांगाडा, छप्पर, नळ-निचरा आणि वीज यांच्या दुरुस्तीचा सुतार व स्थापत्य अभियंता यांनी मिळून काढलेला खर्च वजा करायचा, आणि पूर्वेकडच्या भिंतीसाठी वेगळी रक्कम राखून ठेवायची. मालकांना हा आकडा कमी वाटतो, कारण त्यांच्या डोक्यात अजून एजंटाचे पाच मजले आहेत. आम्ही त्यांच्याकडे दोनच गोष्टी मागितल्या आहेत: ताजे मालमत्ता पत्रक, आणि माडीच्या दोन तुळयांच्या टोकांशी भिंतीचा गिलावा वीतभर काढून पाहण्याची परवानगी. पत्रक मिळाले आहे. गिलाव्याला त्यांनी होकार दिला तर पुढचे बोलणे होईल, नाहीतर आम्ही दुसरा वाडा पाहू.