टीमला शिकवायचंय? आधी तिला सुटी-सुटी करा

साहेब, मार्च तोंडावर आलाय, ट्रेनिंगचं बजेट तसंच पडलंय, आणि तुम्ही ‘टीम ट्रेनिंग’ घ्यायचं ठरवलंय. अभिनंदन! एकच खबरदारी घ्या: एकमेकांवर ज्यांचं काम अवलंबून आहे अशी माणसं एका खोलीत येऊ देऊ नका. आली की ती कामाबद्दल बोलायला लागतात.

त्यापेक्षा नॉमिनेशन मागवा, प्रत्येक डिपार्टमेंटमधून एकेक. ज्याच्यावाचून काही अडत नाही तोच येईल. मागच्या वर्षी तो ‘लीडरशिप’ला होता, त्याआधी ‘टाइम मॅनेजमेंट’ला. त्याचं सगळं शिकून झालंय, फक्त काम करायचं राहिलंय.

आमच्या चाकणच्या कारखान्यात हे फार शिस्तीत झालं. क्वालिटीतल्या मॅडम एक्सेल शिकल्या, स्टोअरचे दादा फाइव्ह-एस (म्हणजे सगळं नीटनेटकं, जागच्या जागी ठेवायची पद्धत), डिस्पॅचचे भाऊ ‘प्रभावी संवाद’. तिघांनाही सर्टिफिकेट. पुढच्याच आठवड्यात मॅडमनी अकरा पेट्या होल्डवर टाकल्या, म्हणजे तूर्त पाठवायच्या नाहीत, लाल स्टिकर लावलं, एक्सेलमध्ये त्या ओळी लाल केल्या. दादांनी फाइव्ह-एसप्रमाणे पेट्या भिंतीला लावून एका रेषेत रचल्या, त्यात स्टिकरं भिंतीकडे गेली. आणि भाऊंनी ड्रायव्हरशी इतका प्रभावी संवाद साधला की गाडी अर्धा तास आधीच सुटली. अकराच्या अकरा पेट्या घेऊन.

अशा वेळी डगमगू नका. तिघांनाही रिफ्रेशर द्या, वेगवेगळ्या तारखांना.

एखादा वाचलेला माणूस विमानाचं उदाहरण देईल. 28 डिसेंबर 1978, अमेरिकेतलं पोर्टलंड. चाकं नीट खाली आली की नाही या शंकेपायी कॅप्टनने विमान आकाशात घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपत चाललंय हे बाकीच्यांना दिसत होतं, ते बोललेही. पण कॅप्टनच्या डोक्यात शिरेल इतक्या ठासून नाही. टाक्या कोरड्या पडल्या, विमान शहराच्या कडेच्या वस्तीत कोसळलं, 189 पैकी 10 जण गेले. कॉकपिटमधल्या प्रत्येकाला आपापलं काम येत होतं. मग 1979 मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा घेतली आणि 1981 पासून त्या विमान कंपनीने कॅप्टनसकट सगळा क्रू एकत्र बसवून शिकवायला सुरुवात केली. हे ऐकून घ्या आणि म्हणा, “आपण काय विमान उडवतोय का?” मीटिंगमध्ये हसतात.

त्या ‘कॅप्टनसकट’पासून मात्र सांभाळा. तुम्ही दीपप्रज्वलन करून निघून जा. बसलात तर भाऊ विचारतील, “महिनाअखेरीला ‘होल्डचं बघू नंतर, गाडी सोडा’ असं सांगतं कोण, साहेब?” याचं उत्तर ट्रेनरच्या स्लाइडमध्ये नसतं.

आणि गोविंदा पथकांकडे तर बघूच नका. ती वेडी माणसं गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री तीच माणसं घेऊन तोच थर लावतात, कोसळतात, कोणाचा खांदा हलला यावर तिथेच भांडतात आणि पुन्हा लावतात. तुमच्याकडे सोपवलं असतं तर खालच्या थराची बॅच सोमवारी, मधल्याची गुरुवारी, आणि वरच्या पोराला ऑनलाइन मॉड्यूल!

अगदीच टीम-टीम करावंसं वाटलं तर लोणावळ्याचं रिसॉर्ट आहे. डोळे मिटून मागे पडायचं, सहकाऱ्याने झेलायचं. झेलतात हो. सोमवारी फोन उचलत नाहीत, एवढंच.

परवा अकरा पेट्या परत आल्या, तेव्हा मॅडम, दादा आणि भाऊ गेटबाहेरच्या टपरीवर दिसले. दहा मिनिटांत दोन कटिंग आणि एक कॉफी संपवून त्यांनी ठरवलं: स्टिकर दोन बाजूंना लावायचं, होल्डच्या पेट्या पिवळ्या पट्ट्याच्या आत ठेवायच्या, आणि गाडी भरण्याआधी भाऊंनी मॅडमना एक हाक मारायची. असं काही दिसलं तर ताबडतोब तिघांना जागेवर पाठवा. हजेरीपट नाही, फीडबॅक फॉर्म नाही, आणि एचआरचा माणूसही तिथे नव्हता.