मीठ आधी, गूळ शेवटी : लहान कोंबडी आणि लाव्हे भाजण्याबद्दल फिरणाऱ्या सल्ल्याचा प्रतिवाद

निफाडचा पारा उतरला की नाशिकच्या आसपास मळ्यामळ्यांत शेगड्या पेटतात आणि मोबाइलवर एक कृती पुन्हा फिरू लागते. तिचं म्हणणं थोडक्यात असं : लहान कोंबडी किंवा लाव्हे घ्या. मध नाहीतर गूळ, सोया सॉस, तिखट, आलं-लसूण, लिंबू आणि दही एकत्र कालवून त्यात रात्रभर मुरवा, म्हणजे मसाला हाडापर्यंत जातो. धगधगत्या निखाऱ्यांवर ठेवा, म्हणजे रस आत कोंडतो. मुरवणातला उरलेला मसाला वरून ओतत राहा. टोचल्यावर स्वच्छ पाणी आलं की झालं. शेवटी खास नाशिककरांसाठी जोड : निखाऱ्यात द्राक्षाच्या काड्या टाका.

चवींची जुळणी चांगली आहे, तिच्याशी भांडण नाही. काळा मसाला, गूळ आणि सोया एकमेकांना उत्तम धरून राहतात. चूक आहे ती सगळं एकाच भांड्यात, एकाच वेळी घालण्यात. मिठाला वेळ लागतो, साखरेला आचेवरचा वेळ सोसत नाही. ही दोन कामं वेगळी केली की निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

पहिला मुद्दा, रात्रभर मुरवलं की मसाला हाडापर्यंत जातो. मसाला जात नाही, मीठ जातं. मांसात साधारण पाऊण भाग पाणी असतं आणि मीठ त्या पाण्यातून हळूहळू आत सरकतं. मिरचीचा तिखटपणा तेलात विरघळतो, पाण्यात जवळजवळ नाही, त्यामुळे तो वरच राहतो. लसूण, काळा मसाला, गूळ यांचीही मजल रात्रभरात काही मिलिमीटरच. कापलेल्या तुकड्याकडे नीट पाहा : कडेला लाल रेघ आणि आत पांढरं मांस. ती रेघ चार तासांनी जेवढी असते, त्याहून बारा तासांनी फार जाड झालेली नसते. आतलं मांस आळणी लागतं ते मीठ कमी पडलं किंवा उशिरा लागलं म्हणून.

रात्रभरात काम करतं ते लिंबू, आणि ते नको असलेलं काम. लाव्ह्याची छाती जेमतेम दीड-दोन सेंटिमीटर जाड. लिंबाच्या आंबटात ती रात्रभर पडली की बाहेरचा थर पांढुरका आणि पिठूळ होतो. भाजल्यावर दाताखाली खडूसारखा लागतो. दही सौम्य असतं म्हणून निभावतं. कच्ची पपई घातली असेल तर वरचा थर लगदा होतो आणि जाळीला चिकटून बसतो. आल्यातही मांस सैल करणारं द्रव्य असतं, म्हणून आल्याचं वाटण बेताने. जून कोंबडीला हे सगळं सोसेलही, पण जून कोंबडी मुळात शेगडीवरची नव्हेच. गावठी कोंबडी रश्श्यात मंद आचेवर तास-दीड तास शिजण्यासाठी असते. तिला जाळीवर टाकून चिवट म्हणणं हा तिच्यावर अन्याय आहे.

मग करायचं काय? दुकानात ‘तंदुरी साइझ, विथ स्किन’ असं सांगून मागा. साफ केल्यावर ६०० ते ७०० ग्रॅम भरेल अशी कोंबडी हवी, म्हणजे जिवंत वजन किलोच्या आतबाहेर. सांगितलं नाही तर कातडी सोलूनच मिळते, आणि कातडीशिवाय गोड थर थेट मांसावर बसून ते कोरडं करतो. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी जाड कात्री चालवून कणा काढा, पक्षी उलटा करून छातीच्या हाडावर तळहाताने जोर द्या. हाड कट्कन मोडतं आणि पक्षी पुस्तकासारखा उघडतो. छाती आणि तंगडी एका पातळीत येतात, हा खरा फायदा. लाव्हेही असेच उघडा, त्यांना साधी कात्री पुरते.

अशा एका कोंबडीला ७ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचा चहाचा चमचा थोडा वर. आधी मीठ कोरडंच चोळा, कातडीखाली बोटं घालून छातीवरही. मग चहाचे दोन चमचे ब्याडगी तिखट, एक चमचा काळा मसाला, एक चमचा आलं-लसूण वाटण आणि दोन चमचे तेल कालवून लावा. गूळ नाही, लिंबू नाही. फ्रिजमध्ये ताटलीत उघडीच ठेवा, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे दुसऱ्या कशावर थेंब पडणार नाहीत. चार तासांपासून बारा तासांपर्यंत कधीही चालते. उघडी ठेवल्याने कातडी सुकते, आणि सुकलेली कातडीच लाल होते. ओल्या कातडीतलं पाणी उडेपर्यंत तिला रंग धरत नाही. लाव्ह्यांना नगामागे दीड ग्रॅम मीठ आणि तासभर पुरे. त्याहून जास्त ठेवलं तर ते खारवल्यासारखे घट्ट होतात.

दुसरा मुद्दा सगळ्यात महागात पडणारा : गोड पहिल्यापासून लावा, म्हणजे रंग येतो. रंग येतो खरा, पण काळा. साधी साखर साधारण १६० अंश सेल्सिअसला तांबूस व्हायला लागते. फळांतली आणि मधातली फ्रुक्टोज ११० अंशांच्या आसपासच रंग बदलते. लाल निखाऱ्यांवरची लोखंडी जाळी याच्या कितीतरी वर असते. कोंबडी शिजायला अर्धा तास लागतो. मध तिथे तीन-चार मिनिटांत करपतो. बाहेर कोळसा आणि तंगडीच्या सांध्याशी कच्चं, ही तक्रार आचेची कमी आणि गोडाच्या वेळेची जास्त असते.

यात नाशिककरांनी एक लक्षात ठेवावं. द्राक्षाचा रस आटवून लावायची कल्पना सुंदर आहे, पण द्राक्षातली साखर म्हणजे जवळपास निम्मी ग्लुकोज आणि निम्मी फ्रुक्टोज. म्हणून तो रस मधासारखा, गुळाच्या आधी करपतो. गूळ किंवा काकवी जरा दम धरते. द्राक्षाचाच लावायचा असेल तर तो काकवीपेक्षाही उशिरा लावा.

वरून लावायचा पाक असा करा. तीन मोठे चमचे काकवी घ्या. किंवा अर्धा किलो गोड, पिकलेली द्राक्षं चुरडून गाळलेला रस, साधारण ३०० मिलिलिटर, आटवून ८०-९० मिलिलिटरवर आणा. त्यात चहाचे दोन चमचे सोया सॉस, एक मोठा चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा लवंगी मिरचीची पूड आणि एक चमचा आल्याचा रस घालून मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळा. पळीच्या पाठीवर बोट ओढल्यावर रेघ तशीच राहिली की उतरवा. तार येईपर्यंत आटवू नका, गार झाल्यावर ब्रश अडकतो. पाकात वेगळं मीठ घालायचं नाही. दोन चमचे सोयातच दीडेक ग्रॅम मीठ असतं. ही मोजणी न केल्यामुळेच ‘मसाला छान होता पण खारट झालं’ असं होतं. आंबट इथे आलं, पाकात, कारण शेवटच्या आठ मिनिटांत ते मांस बिघडवू शकत नाही आणि गोडाची मिठ्ठी मोडतं.

तिसरा मुद्दा, मोठ्या आचेने रस आत कोंडतो. ही कल्पना १८४७च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी मांडली आणि पुढे प्रयोगांत ती टिकली नाही. भाजलेल्या मांसाचा चर्रर्र आवाज म्हणजे बाहेर आलेलं पाणी उडण्याचा आवाज. वरचा थर बंद झाला असता तर तो थांबला असता. रस किती राहील हे मांस आत किती तापलं यावर ठरतं. जोराची आच रंगासाठी आणि खमंगपणासाठी हवी, तीही शेवटी.

शेगडी अशी लावा. बाभळीचा कोळसा दीड किलो पेटवून त्यावर राखेचा करडा थर येईपर्यंत थांबा, वीस-पंचवीस मिनिटं जातात. मग सगळे निखारे एका बाजूला ओढा, दुसरी बाजू रिकामी. डिसेंबरात उघड्या मळ्यात वारा एका कडेचा कोळसा भराभर खातो, म्हणून वाऱ्याच्या बाजूला विटांचा आडोसा लावा. कोंबडी रिकाम्या बाजूला, हाडांकडची बाजू खाली, तंगड्या निखाऱ्यांच्या दिशेने. आपल्या शेगड्यांना झाकण नसतं, तर मोठं स्टीलचं पातेलं उपडं घाला. वीस ते पंचवीस मिनिटं हात लावू नका, फक्त मध्ये एकदा फिरवा.

छातीच्या जाड भागात थर्मामीटरने ६५ अंश दिसले की पाकाचा पहिला हात. दोन-तीन मिनिटांनी दुसरा, मग तिसरा, तिन्ही पातळ. ताजा लावलेला पाक आधी मोठे, पाणीदार बुडबुडे देतो. ते लहान आणि दाट होऊन सावकाश फुटायला लागले, कडेला वीटकरी रंग गडद व्हायला लागला, की त्यावर पुढचा हात. पाकाचा वास येतोय तोवर ठीक. धुराने डोळे चुरचुरले की गोड जळतंय, लगेच रिकाम्या बाजूला सरकवा. शेवटी कातडीची बाजू निखाऱ्यांवर फार तर एक मिनिट.

लाव्ह्यांचं गणित निराळं. झाकण नको, मध्यम आच : जाळीपासून चार बोटं वर तळहात पाच सेकंद टिकला पाहिजे. हाडाची बाजू चार मिनिटं, कातडीची दोन-तीन, मग पाकाचे दोन हात, प्रत्येक बाजूला मिनिटभर. दहा मिनिटांत उतरवा. बाराव्या मिनिटाला छाती लाकूड होते.

पाणी स्वच्छ आलं की शिजलं, हा चौथा मुद्दा. कोवळ्या पक्ष्यांची हाडं सच्छिद्र असतात, त्यातला रंग बाहेर येऊन पूर्ण शिजलेलं मांसही हाडाशी गुलाबी दिसतं. उलट, स्वच्छ पाणी देणाऱ्या पक्ष्याचा सांधा कच्चा निघू शकतो. त्यात आपल्या मसाल्याने सगळंच लाल, रंगावरून काय ओळखणार! सगळ्यात जाड जागी, हाडाला न टेकवता, ७४ अंश हा भरवशाचा आकडा. तंगडी ८० पर्यंत गेली तर आणखी मऊ लागते. पाचशे-सातशे रुपयांचा थर्मामीटर दोन कोंबड्या वाया जाण्यापेक्षा स्वस्त पडतो.

पाचवा, मुरवणातला मसाला वरून ओतणं. यात तडजोड नाही. त्या भांड्यात कच्च्या कोंबडीचं पाणी उतरलेलं असतं, त्यात साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जीवाणू असू शकतात. शेवटच्या मिनिटाला ओतलेला मसाला तापत नाही, नुसता कोमट होतो. पाक वेगळाच करा आणि दोन वाट्यांत वाटा : एक ब्रशची, एक पानात वाढायची. ब्रश दुसऱ्या वाटीत कधीच जाणार नाही. कच्चा पक्षी ठेवलेली ताटली आणि चिमटाही वाढताना बदला. घरी आणल्यावर कोंबडी नळाखाली खळखळून धुण्याची सवयही सोडा. शिंतोडे ओट्यावर आणि शेजारच्या कोथिंबिरीवर जातात. कागदाने टिपून घेणं पुरेसं आहे, सुकलेली कातडी तर आपल्याला हवीच आहे.

आणि द्राक्षाच्या काड्या. फ्रान्समध्ये वेलींच्या छाटलेल्या काड्यांवर मांस भाजतात, ही रीत जुनी आणि खरी. पण एप्रिलच्या खरड छाटणीत किंवा ऑक्टोबरच्या फळछाटणीत बांधावर पडलेल्या काड्यांवर हंगामभराच्या फवारण्या बसलेल्या असतात, त्यात मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रणही आलं. मोरचुदातलं तांबं जाळून उडून जात नाही, राखेत आणि धुरात राहतं. त्यांत बांधणीच्या प्लॅस्टिकच्या सुतळ्याही अडकलेल्या असतात. ज्या वेलींवर काय फवारलं हे तुम्हाला ठाऊक नाही, त्यांच्या काड्या अन्नाच्या आगीत टाकू नका. घरच्या अंगणातली, बिनफवारणीची वेल असेल तर तिच्या काड्या सहा महिने वाळवून मूठभर घाला. ओल्या काड्यांचा धूर पाकाच्या चिकट थरावर काजळीसारखा बसतो.

लाव्ह्यांबद्दल एक सांगणं उरतं. पिंजऱ्यात पाळलेले जपानी लाव्हेच घ्या, ते पाच-सहा आठवड्यांत दीडशे-दोनशे ग्रॅमचे होतात. कुणी रानातले लाव्हे-तितर आणून देतो म्हणाला तर घेऊ नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्यांची शिकार हा गुन्हा आहे.

उतरवल्यावर कोंबडीला आठ मिनिटं आणि लाव्ह्यांना तीन मिनिटं विसावू द्या, गरम ताटलीत, कारण त्या थंडीत गार स्टील सगळी ऊब ओढून घेतं. झाकू नका, वाफेने पाकाचा थर सुटतो. मग दुसऱ्या वाटीतला पाक, चकत्या केलेला लाल कांदा, लिंबाची फोड आणि बाजरीची भाकरी. लिंबू इथे, पानातच पिळायचं.