हातातला डबा सोडून बाजारभर हाका कशाला?

माझा भाचा बेळगावात अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुटीत युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एक खेळ तयार करतो आहे. खडेबाजारातून धावणाऱ्या मुलाने वाटेतले कुंद्याचे डबे गोळा करायचे, असा तो खेळ. गेल्या रविवारी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा एक मजकूर मला पाठवला आणि खाली विचारले, "मामा, हे असेच करायचे ना?" मजकुराचे म्हणणे असे की, आपण कोणत्या गेमऑब्जेक्टवर (म्हणजे खेळातल्या वस्तूवर) बसलो आहोत हे कंपोनंटला (म्हणजे त्या वस्तूला जोडलेल्या स्क्रिप्टसारख्या भागाला) कळत नाही, म्हणून तो ऑब्जेक्ट नेहमी 'गेमऑब्जेक्ट.फाइंड'ने नावावरून शोधावा किंवा इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे वस्तूचे तपशील भरायच्या चौकटीत, हाताने जोडून ठेवावा. कंपोनंटचे 'नेम' म्हणजे स्क्रिप्टचे नाव. आणि आपला ऑब्जेक्ट थेट देणारा 'गेमऑब्जेक्ट' हा शॉर्टकट युनिटी ५ पासून बंद झाला आहे.

मूळ विधानच खोटे आहे. युनिटीच्या अधिकृत दस्तऐवजात कंपोनंट या वर्गाचे पान उघडले, तर कंपोनंट नेहमी कुठल्या ना कुठल्या गेमऑब्जेक्टला जोडलेला असतो आणि 'गेमऑब्जेक्ट' हा गुणधर्म तोच ऑब्जेक्ट देतो, असे तिथे स्वच्छ लिहिलेले आहे. ते पान वाचायला दोन मिनिटे लागतात. मजकूर पुढे ढकलणाऱ्यांना तेवढीही सवड मिळालेली दिसत नाही.

या सल्ल्याने काय होते, ते भाच्याच्या खेळात पाहायला मिळाले. त्याचे १२ डबे एकाच प्रीफॅबपासून, म्हणजे साच्यापासून, खेळ चालू असताना तयार होतात, त्यामुळे बाराही जणांचे नाव एकच, शेवटी 'क्लोन' लावलेले. मुलगा डब्याला शिवला की मुलाच्या स्क्रिप्टमधला 'ऑनट्रिगरएंटर' हा भाग आपोआप चालतो आणि त्यात त्या डब्याचा कोलायडर (स्पर्श ओळखणारा कंपोनंट) 'अदर' म्हणून आयताच हाती येतो. भाच्याने मजकुराबरहुकूम त्या 'अदर'चे नाव घेतले, त्या नावाने 'फाइंड' केले आणि जो डबा सापडला तो नष्ट केला. परिणाम असा की पायाशी असलेला डबा जागेवरच राहिला आणि रस्त्याच्या दुसऱ्या टोकाचा गायब झाला. समोरच्या माणसाचा हात धरून त्याला नाव विचारायचे आणि मग त्याच नावाने बाजारभर हाका मारायच्या, त्यातला हा प्रकार आहे. एका नावाचे अनेक ऑब्जेक्ट असतील तर 'फाइंड' त्यांतला कोणता देईल याची खात्री नसते. ऑब्जेक्ट निष्क्रिय असेल तर तो सापडतच नाही, 'नल' म्हणजे 'काहीच नाही' मिळते. शिवाय हा शोध प्रत्येक फ्रेमला (पडद्यावरच्या प्रत्येक नव्या चित्राला) घेऊ नये, असेही तोच दस्तऐवज सांगतो. इथे 'अदर.गेमऑब्जेक्ट' एवढे लिहिले की काम झाले.

इन्स्पेक्टरमध्ये स्वतःचाच ऑब्जेक्ट जोडून ठेवणे चालते, पण ती निव्वळ दुप्पट मेहनत आहे. 'नेम'विषयी बोलायचे तर कंपोनंटला स्वतंत्र नाव नसते, तिथे ऑब्जेक्टचेच नाव येते.

युनिटी ५ च्या मुद्द्यात मात्र अर्धे सत्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. त्या आवृत्तीत 'रिजिडबॉडी' (वस्तूची भौतिक हालचाल सांभाळणारा कंपोनंट), 'रेंडरर' (वस्तू पडद्यावर दाखवणारा) यांसारखे शॉर्टकट खरोखरच काढले गेले आणि त्यांच्यासाठी 'गेटकंपोनंट' ही कंपोनंट मागण्याची आज्ञा लिहावी लागू लागली. पण 'गेमऑब्जेक्ट' आणि वस्तूची जागा सांगणारा 'ट्रान्सफॉर्म' हे दोन्ही आहेत तिथेच राहिले.

खरी अडचण जिथे येते, त्याबद्दल त्या मजकुरात चकार शब्द नाही. मुलाच्या हातात पिशवी आहे आणि तिला स्वतःचा कोलायडर आहे. डब्याच्या स्क्रिप्टने 'अदर.गेमऑब्जेक्ट' विचारले की मुलगा नव्हे, पिशवी मिळते. रिजिडबॉडी मुलावर असल्यामुळे 'अदर.अटॅच्डरिजिडबॉडी'वरून मुलापर्यंत पोहोचता येते. वरच्या ऑब्जेक्टांतही शोधणाऱ्या 'गेटकंपोनंटइनपेरेंट'ने त्याची स्क्रिप्टही मिळते. भाच्याच्या मनात 'ट्रान्सफॉर्म.रूट', म्हणजे सगळ्यात वरचा ऑब्जेक्ट, घ्यायचे होते. मुलगा 'बाजार' नावाच्या ऑब्जेक्टखाली ठेवलेला असल्याने त्याच्या हाती अख्खा बाजार आला असता.