खोक्यावर ‘०+’ लिहिलं म्हणून बाबागाडी तान्ह्या बाळाची होत नाही

सोलापुरातल्या नव्या आईबाबांच्या ग्रुपांवर बाबागाडीबद्दलचा एक मेसेज हातोहात पुढे जातोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘पहिल्या दिवसापासून तीन वर्षांपर्यंत एकच गाडी पुरते. खोक्यावर ०+ आणि १५ किलो बघा, बास. पाठ पूर्ण आडवी होत नसेल तर खाली सोलापुरी चादर घडी करून घाला. हवेची मोठी चाकं घ्या, आपल्या रस्त्यांना तीच लागतात. हँडल उलटं फिरणारी घ्या. उन्हात वरून ओढणी टाका. बाळ गाडीत झोपलं तर झोपू द्या. कुणाची वापरलेली मिळाली तर डोळे मिटून घ्या.’

यातलं पहिलं वाक्य खोटं नाही. जन्मापासून तिसऱ्या वर्षापर्यंत टिकणारी गाडी मिळते. पण ती ओळखायची म्हणून मेसेजमध्ये दिलेली जवळजवळ प्रत्येक खूण चुकीची आहे, आणि दोन सल्ले तर बाळाच्या जिवाशी खेळणारे आहेत. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘०+ बघा, बास. नाहीतर चादर घाला.’

नवजात बाळाच्या लांबीत डोक्याचा वाटा जवळपास एक चतुर्थांश असतो आणि ते डोकं पेलायचं बळ मानेत नसतं. बाळ साधारण चौथ्या महिन्यात मान धरतं आणि सहाव्याच्या आसपास आधारानं बसायला लागतं. तोवर त्याला अर्धवट बसतं ठेवलं की डोकं पुढं कलंडतं, हनुवटी छातीला टेकते आणि मऊ, अरुंद श्वासनलिका दबते. अशा वेळी बाळ रडत नाही, खोकत नाही. गाडी ढकलणाऱ्याला वाटतं, छान झोपलंय.

म्हणून खोक्यावरच्या आकड्यापेक्षा पाठीचा कोन मोजा. बाबागाड्यांच्या ‘ईएन १८८८’ या युरोपीय मानकात सहा महिन्यांखालच्या बाळासाठी पाठ आणि बैठक यांच्यातला कोन किमान १५० अंश मागितलेला आहे. दुकानात हे मोजायला फक्त टेप लागते. पाठ शेवटपर्यंत मागे पाडा. पाठीची लांबी मोजा. मग पाठीचं वरचं टोक बैठकीच्या पातळीपासून किती उंच राहतं ते मोजा. बैठक सपाट असेल तर ही उंची पाठीच्या लांबीच्या निम्म्याहून जास्त नको, म्हणजे पाठ ५० सेंटिमीटर असेल तर २५ च्या आत. ही अगदी शेवटची मर्यादा झाली. तान्ह्यासाठी ८-९ सेंटिमीटरच्या आत असलेली, म्हणजे जवळपास आडवी पाठ आम्ही योग्य मानतो. बैठक पुढून वर उचललेली असेल तर खरा कोन याहून लहान भरतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरी चाचणी झोळाची. स्वस्त गाड्यांत पाठ म्हणजे दोन नळ्यांमध्ये ताणलेलं कापड असतं आणि ते मागच्या पट्टीनं सैल-घट्ट होतं. रिकामी गाडी आडवी दिसते, पण बाळ ठेवलं की कापड खाली जातं आणि पाठीची कमान होते. ३ किलो ज्वारी पिशवीत भरून सोबत न्या आणि पाठीवर आडवी ठेवा. कापड खोल गेलं तर ती गाडी बसत्या बाळाची आहे, तान्ह्याची नाही. पाठीला आतून कडक फळी असलेली गाडी हवी.

आता चादर. घडी करून खाली घातल्यानं पाठीचा कोन बदलत नाही. घडी डोक्यामागे आली तर ती डोकं पुढं ढकलते, म्हणजे जे टाळायचं तेच होतं. कुल्ल्याखाली आली तर बाळ घसरतं. शिवाय जाड घडीवरून बेल्ट घट्ट केला तरी चालता चालता घडी दबते आणि बेल्ट सैल पडतो. सोलापुरी चादर ऊब धरून ठेवते, अंथरुणात तोच तिचा गुण, पण एप्रिलच्या उकाड्यात बाळाच्या पाठीखाली तो अपायच. घाम टिपायला काही हवंच असेल तर आपल्याकडचा पातळ टेरी टॉवेल एकपदरी अंथरा. बेल्ट बाहेर यायला त्याला चिरा पाडा, कडा गादीखाली खोचा, चेहऱ्याजवळ सैल कापड ठेवू नका.

आणि पाठ आडवी होणारी गाडी बजेटात बसत नसेल तर पहिले पाच-सहा महिने गाडीच घेऊ नका. आपल्याकडे सव्वा महिना बाळ-बाळंतीण घरातच असतात, पुढेही बरेचदा मुक्काम माहेरी. दवाखान्यात न्यायला मांडी आणि दुपटं पुरतं. बाळ बसतं झालं की चांगल्या बेल्टची साधी, हलकी गाडी घ्या. डोहाळजेवणातच गाडी भेट द्यायची घाई करण्यापेक्षा हे शहाणपणाचं.

‘१५ किलो म्हणजे तीन वर्षं नक्की.’

वजनाचा हिशेब ढोबळमानानं बरोबर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांत तीन वर्षांच्या मुलाचं मध्यम वजन १४.३ किलो आणि मुलीचं १३.९ किलो आहे. पण गाडी आधी वजनाला नाही, उंचीला अपुरी पडते. तिसऱ्या वर्षी मूल साधारण ९५ सेंटिमीटर होतं आणि त्याची बसल्यावरची उंची ५३-५४ सेंटिमीटर भरते. बैठकीपासून टपापर्यंत ४५ सेंटिमीटरच जागा असेल तर तिसऱ्या वर्षाच्या बऱ्याच आधी डोकं टपाला लागायला लागतं आणि मूल पुढं वाकून बसतं. पाठ सरळ उभी करून बैठक ते टप अंतर मोजा. ५५ च्या पुढे असेल तर तिसरं वर्ष निघेल.

बेल्टचंही तसंच. दोन खांदे, दोन कंबर आणि एक पायांमधला, असा पाच पॉइंटचा बेल्टच घ्या. फक्त कंबर आणि पायांमधला असलेला बेल्ट चालायला लागलेलं पोर उभं राहून सहज सोडवतं. खांद्याच्या पट्ट्यांना निदान दोन उंच्या हव्यात. एकच खाच असेल तर ती तान्ह्याला कानाजवळ येते किंवा दोन वर्षांच्याला खांद्याखाली ओढते. पट्टी आणि छाती यांच्यात दोन बोटं जातील इतकं घट्ट करा.

१५ किलोच्या त्या आकड्यात भाजी धरलेली नसते. खालच्या जाळीची मर्यादा वेगळी लिहिलेली असते, बहुतेकदा दोन-तीन किलो. हँडलला पिशवी अडकवणं हे गाडी मागे उलटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. पिशवीचं वजन मागच्या चाकांच्याही मागे पडतं. मूल बसलेलं असतं तोवर तोल राहतो. कडेवर घ्यायला उचललं की क्षणात गाडी पाठीवर. पाठ आडवी केलेली असताना बाळाचं डोकंही मागे सरकलेलं असतं, तेव्हा धोका वाढतो.

‘हवेची मोठी चाकं घ्या.’

‘मोठी’ हे बरोबर, ‘हवेची’ हे सोलापुरात महागात पडतं. चाक जितकं लहान तितकं ते खड्ड्यात खोल उतरतं आणि पेव्हर ब्लॉकच्या उचललेल्या कडेला अडतं. १२-१३ सेंटिमीटरची कडक प्लास्टिकची चाकं मॉलच्या फरशीवर पळतात; विजापूर रोडच्या कडेची खडी किंवा नव्या पेठेतली उकरलेली गल्ली आली की पुढचं चाक आडवं होऊन बसतं आणि दणका थेट बाळाच्या मानेला. पुढची चाकं १८-२० आणि मागची २३-२५ सेंटिमीटरची असतील तर गाडी आपल्या रस्त्यांवर नीट चालते. पुढची चाकं सरळ ठेवून लॉक करायची सोय आहे ना, ते वाकून बघा. खडीवर चाकं लॉक करायची, गुळगुळीत जागी मोकळी सोडायची.

हवेचं चाक धक्का सगळ्यात छान झेलतं, हे मान्य. पण शहराबाहेर पडलं की बाभळीचे काटे, आणि इतक्या लहान मापाची ट्यूब प्रत्येक सायकलच्या दुकानात मिळेलच असं नाही. घेतलीच तर टायरच्या कडेवर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरा. पंपावरच्या कॉम्प्रेसरनं एवढीशी ट्यूब काही सेकंदांत फुटते, हातपंप बरा. आमची पसंती ईव्हीए फोमच्या (हलक्या, रबरासारख्या लवचीक फोमच्या) भरीव चाकांना, सोबत चारही चाकांवर स्प्रिंग. काट्याची भीती नाही, धक्काही बऱ्यापैकी कमी होतो. चाक कितीही चांगलं असलं तरी तान्ह्याला गाडीत ठेवून पळायचं नाही.

एक गोष्ट पूर्व भागातल्या घरांसाठी मुद्दाम सांगण्यासारखी. यंत्रमाग जवळ असेल तर सुताचे धागे चाकाच्या आसाला गुंडाळतात आणि दोन-तीन महिन्यांत चाक जड होतं. बहुतेक गाड्यांची चाकं खटका दाबून निघतात. ती काढून धागे कात्रीनं कापा, ओल्या फडक्यानं धूळ पुसा, वाळवा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. खोबरेल तेल घालू नका. ते चिकट होतं, धूळ धरतं आणि पंधरा दिवसांत चाक आधीपेक्षा जास्त कुरकुरतं.

‘हँडल उलटं फिरणारी घ्या.’

पहिले काही महिने बाळाचं तोंड आपल्याकडे हवं, हे बरोबर. पण हँडल पलटलं की फिरणारी चाकं आपल्या बाजूला येतात, न वळणारी पुढे जातात आणि वळण घेताना गाडी अडते. ब्रेकचं पेडलही पलीकडे राहतं; उतारावर थांबायचं तर गाडीला वळसा घालून जावं लागतं. बैठकच उचलून उलटी बसवता येते तो प्रकार चांगला, पण वजन वाढतं. ब्रेक कुठल्याही गाडीचा बघताना एकाच पेडलनं मागची दोन्ही चाकं अडतात का ते बघा. दुकानाच्या रॅम्पवर दहा किलो ठेवून लावा.

वजनाबद्दल मेसेजमध्ये एक शब्दही नाही, आणि घरी आणलेली गाडी अडगळीत जाते ती नेमकी त्यामुळे. जुळे सोलापुरात लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर एका कडेवर बाळ आणि दुसऱ्या हातात १२ किलोची गाडी हे रोज जमत नाही. आठ-नऊ किलोच्या आतली बघा. मिटवून रिक्षात पायाशी मावते का, हेही घ्यायच्या आधी तपासा. छत्रीसारखी मिटणारी गाडी बारीक होते, पण लांबी एक मीटरच्या आसपास राहते. आणि गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर कुठलीच बाबागाडी नेऊ नका. त्या गर्दीत बाळ कडेवरच हवं.

‘उन्हात वरून ओढणी टाका.’

हा दुसरा धोक्याचा सल्ला. कोरडी ओढणी सावली देते, पण हवाही अडवते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत कोरड्या पातळ मलमलीनं झाकलेल्या गाडीत तापमान अडीच अंशांहून जास्त वाढलेलं आढळलं. कापड ओलं करून छोटा पंखा लावला तेव्हा मात्र ते साडेचार अंशांहून जास्त उतरलं. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर ज्या कारणानं चालतो तेच कारण. पण कापड वाळलं की उलटा परिणाम सुरू, म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा भिजवायचं आणि एक बाजू कायम उघडी ठेवायची, बाळ दिसलं पाहिजे. पारा चाळिशीच्या वर असताना यातलं काहीही करण्यापेक्षा सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी सहानंतर बाहेर पडा. टप खोल आणि मागे जाळीची खिडकी असलेला घ्या. पावसाचं प्लास्टिक उन्हात कधीच नको. गाडी उन्हात उभी होती तर बकल आणि नळ्यांना आधी हाताची मागची बाजू लावून बघा.

झोपेचं थोडक्यात. आडव्या पाठीवर, नजरेसमोर, फिरताना लागलेली डुलकी चालते. पण गाडी म्हणजे पाळणा नाही. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचा सल्ला असा, की कार सीट, बाबागाडी यांसारख्या बसत्या साधनांत नेहमीची झोप नको, चार महिन्यांखाली तर मुळीच नको. झोप लागली तर शक्य तितक्या लवकर सपाट, कडक गादीवर पाठीवर ठेवा. गाडीच्या सांगाड्यावर कार सीट बसवायचे सेट मिळतात, त्यांना हे जास्त लागू आहे. घरी पोचल्यावर बाळ त्या सीटमध्येच झोपलेलं ठेवू नका.

‘वापरलेली डोळे मिटून घ्या.’

वापरलेली जरूर घ्या, पैसे वाचतात आणि चांगली गाडी दोन मुलांना सहज पुरते. पण डोळे उघडे ठेवून. गाडी सपाट फरशीवर ठेवून सरळ ढकला. एका बाजूला ओढली तर सांगाडा वाकलेला आहे. उघडल्यावर दोन लॉक बसायला हवेत, एक मुख्य आणि एक जास्तीचा. दोन्ही लावून हँडल जोरात खाली दाबा, सांधा हलता कामा नये. बकल दहा वेळा लावा-काढा, एकदा जरी ‘खट्’ न वाजता सुटलं तर नको. बेल्टच्या शिवणी ओढून बघा. पाठ टेकवणारी पट्टी सरकते का, ते ज्वारीच्या पिशवीनंच कळेल.

शेवटी मिटायचे सांधे बघा. २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेन कंपनीच्या सुमारे दहा लाख गाड्यांसाठी सांध्यांवर बसवायची झाकणं द्यावी लागली, कारण उघडताना त्या सांध्यांत सापडून मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या घटना नोंदल्या गेल्या होत्या. जुन्या गाडीचे सांधे उघडे असतील तर ती घेऊ नका. आणि गाडी नवी असो वा जुनी, उघडताना-मिटताना मूल दोन हात लांब, दुसऱ्या मोठ्या माणसाच्या कडेवर असू द्या.