अजून चार किलोमीटर

सकाळपासून डोकं फिरलंय. अंघोळ झाली, पोहे झाले, दुपारची झोप झाली, तरी उतरत नाहीये, म्हणून इथे लिहून टाकते. लांब होणार आहे. ज्यांना रविवारी संध्याकाळी कामं आहेत त्यांनी पुढे सरका.

आज आमच्या ग्रुपचा लाँग रन होता. कर्वे पुतळ्यापासून निघायचं, नळ स्टॉप, डेक्कन, लकडी पूल, मग अख्खा लक्ष्मी रोड सरळ क्वार्टर गेटपर्यंत आणि तिथून कॅम्प. (सकाळी सहाचा लक्ष्मी रोड ज्यांनी पाहिला नाही त्यांनी पुणं पाहिलं नाही. सगळी शटरं खाली, एक कुत्रं मधोमध झोपलेलं, आणि आपल्या बुटांचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो.) रेसकोर्सपाशी एक वळसा घातला की बरोबर दहा किलोमीटर होतात. मग एका बेकरीबाहेर थांबायचं, चहा प्यायचा, काहीतरी गोड खायचं, रिक्षा करून घरी. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय.

आज एक नवीन मुलगी होती. बावीस-तेवीसची असेल. आयुष्यातले पहिले दहा किलोमीटर पळाली बिचारी. शेवटचा एक तर चालत, रडवेली होऊन, पण थांबली नाही. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिने मावा केक घेतला. तो कागद सोलला की कडेला कशा बारीक चुण्या उमटलेल्या असतात, वरून तपकिरी, आत पिवळट, वेलचीचा वास. एक घास घेतला तिने, डोळे मिटले. आणि आमच्यातलेच एक सर, ज्यांचं घड्याळ माझ्या स्कूटरपेक्षा महाग आहे, हसत हसत म्हणाले, "हे जाळायला अजून चार किलोमीटर हं!"

सगळे हसले. तीही हसली. आणि तिने तो केक परत कागदात गुंडाळला, स्कूटरच्या सीटवर ठेवला आणि म्हणाली, "नको, पुरे झालं."

एक घास खाऊन पुरे झालं!

मी काही बोलले नाही. चहा पीत उभी राहिले. तेच खातंय मला दिवसभर.

बोलायला हवं होतं, कारण मला हे माहीत आहे. २०१९ च्या मे महिन्यातली गोष्ट. काहींना सांगितलीये, परत ऐका. तेव्हा माझ्या फोनमध्ये ते कॅलरी मोजायचं ॲप होतं. रात्रीचं जेवण मी जवळजवळ सोडलंच होतं. सकाळी उपाशीपोटी पळायचं म्हणजे चरबी जळते, असं कुणीतरी सांगितलेलं. तर रेसकोर्सहून परत येताना, अकराव्या की बाराव्या किलोमीटरला, नाना पेठेत डोळ्यांपुढे अंधारी आली. पाय कापायला लागले. एका बेकरीच्या पायरीवर बसले. फोन घरी, कमरेला फक्त घराची किल्ली. आतून एक माणूस आला, कोपरापर्यंत हात मैद्याने पांढरे. त्याने काही विचारलं नाही. भट्टीतून नुकताच निघालेला एक बन आणून हातात दिला आणि एक कटिंग. मी म्हटलं, दादा, पैसे नाहीत हो. तर म्हणाला, "ताई, आधी खा. पळताय तुम्ही, पैसे नाही पळत."

तो बन खालून जरा करपलेला होता. त्या करपलेल्या भागाची चव मला अजून जिभेवर आठवते.

तर त्या सरांना सांगायचं होतं ते हे. तुम्ही शर्यतीत खिशातून ती चिकट जेलची पुडी काढता ना, जिभेला खोकल्याच्या सिरपसारखी लागते ती, त्यात काय असतं? साखरच असते. तुमचेच तज्ज्ञ सांगतात, तास-दीड तासाच्या वर पळायचं असेल तर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. ती परदेशी पुडीतून गेली की 'फ्युएलिंग', आणि कागदातल्या मावा केकमधून गेली की पाप? हे कुठलं शास्त्र?

आणि हिशोबच करायचा तर तोही चुकला होता सरांचा. माणूस ढोबळमानाने जितक्या किलोचा, तितक्या कॅलरी एका किलोमीटरला जाळतो. ती मुलगी पन्नास किलोची धरा. दहा किलोमीटरच्या झाल्या पाचशे. त्यात तो केक, चहा आणि वर सरांचा सल्ला असं सगळं बसून उरलं असतं.

बघा. मीही हिशोब करायला लागले. ही सवय अशी जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की मी केक 'कमवत' नाही. आधी पळायचं आणि मग बक्षीस म्हणून खायचं, असंही नाही. मी केकपर्यंत पळते. देवळापर्यंत चालत जातात लोक, तसं. मध्ये वाट असते, शेवटी प्रसाद असतो. प्रसादाच्या कॅलरी विचारतं का कुणी? सारसबागेत मोदक हातात पडला की घड्याळात बघता का?

माझ्या पळायच्या वाटा बेकऱ्यांनीच ठरवलेल्या आहेत आणि मला त्याची लाज नाही. टेकडीवरून उतरून डेक्कनला आलं तर आपटे रोडवर संतोष बेकरीचं पॅटिस. पॅटिस गोड नाही हे मला कळतं, पण नियम माझे आहेत. फर्ग्युसनच्या बाजूने आलं तर गुडलक कॅफे. १९३५ पासून तिथे बन मस्का मिळतोय आणि अजून कुणी त्याला फ्रेंच थाटात 'ब्रिओश' म्हणायची हिंमत केलेली नाही. आणि आठवड्यात एकदा, मंगळवारी, कयानी. १९५५ सालची बेकरी, अजून लाकडाच्या भट्ट्या. साडेसातला उघडते, त्यामुळे घरून किती वाजता निघायचं आणि कुठल्या वेगाने पळायचं हे आपोआप ठरतं. लवकर पोचलं तर ईस्ट स्ट्रीटवर घाम वाळवत उभं राहायचं, उशीर झाला तर रांग. कोचने दिलेला टेम्पो रन, म्हणजे एकसारख्या जोरात पळायचा सराव, मला कधी जमला नाही, पण श्रुसबेरी बिस्किटांच्या रांगेत पाचव्याच्या आत नंबर लागावा म्हणून मी जो शेवटचा किलोमीटर काढलाय, त्याला तोड नाही.

फक्त रविवारी बंद असते हो! अख्खं पुणं रविवारी पळतं आणि कयानी रविवारी बंद. दुपारीही एक ते साडेतीन बंद. पण ते आपण पुणेकर कुणाला कुठल्या तोंडाने बोलणार?

नवीन ठिकाणीही जाते मी. कोरेगाव पार्कात एका चकचकीत पातिसरीत, म्हणजे फ्रेंच पद्धतीच्या बेकरीत, गेले होते, घामाने भिजलेला टीशर्ट, चिखलाचे बूट. तिथल्या मुलाने मी बसण्याआधी खुर्चीवर पेपर नॅपकिन पसरला. एक नाही, चार. क्रॉसाँ बाकी उत्तम होता, खोटं कशाला बोला. बाहेर कुरकुरीत, आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. पण मंडळी, शेवटी ती आपली खारीच. फ्रान्सला शिकायला पाठवलेली. खारी खाताना कसे पापुद्रे सगळ्या अंगावर उडतात आणि पळून आल्यावर ओल्या दंडाला चिकटून बसतात, तसेच तेही बसले. रिक्षातून उतरेपर्यंत मी अंगावरचे पापुद्रे वेचून खात होते. किंमत सांगत नाही, आमचे हे फेसबुकवर आहेत.

आणि फ्रान्सचंच निघालं म्हणून सांगते. तिथे मेदॉकला द्राक्षमळ्यांतून एक मॅरेथॉन होते, १९८५ पासून. पूर्ण ४२ किलोमीटर. लोक सोंगं घेऊन पळतात आणि वाटेत पाण्याबरोबर वाइन, चीज, कालवं असलं काय काय मिळतं. हजारो माणसं खात-पीत पळतात. आमच्या सरांना तिथे पाठवायला हवं, पाचव्या किलोमीटरला भोवळ येईल.

बरं, आता कॉमेंटमध्ये येणारच आहात, म्हणून आधीच सांगते. साखर वाईट. मान्य. आमच्या घरात दोघांना मधुमेहाच्या गोळ्या आहेत, मला शिकवू नका. बेकरीत डालडा असतो. असतो. २०२२ पासून ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आलीये, तरी डालडा तो डालडा. आणि हो, ते सर मनाने वाईट नाहीत. मागच्या वर्षी माझा घोटा मुरगळला तेव्हा माझ्याबरोबर सात किलोमीटर चालत आले होते, स्वतःचा रन सोडून. लिहिता लिहिता आठवलं आणि राग थोडा उतरला. त्यांनी गंमत म्हणून म्हटलं हे मला कळतं.

पण त्या मुलीने केक खाली ठेवला ना.

नाना पेठेतल्या त्या दिवसाचं एक मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मंडईपर्यंत चालले, रिक्षा केली, घरी येऊन रिक्षावाल्याला पैसे दिले. आणि बूट काढायच्या आधी, दारातच बसून, काय केलं असेल? फोन घेतला आणि ॲपमध्ये लिहिलं. बन, एक. ॲपने विचारलं, छोटा, मध्यम की मोठा? मी 'छोटा' दाबलं. तो चांगला तळहाताएवढा होता. अर्ध्या तासापूर्वी मी रस्त्यावर पडणार होते, एका अनोळखी माणसाने मला खायला घातलं, आणि मी दारात बसून त्या बनाबद्दल मशीनशी खोटं बोलत होते. चहातली साखर तर लिहिलीच नाही.

चाळीस उलटलेली बाई मी तेव्हा. आजची पोरगी तर बावीसची आहे.

ॲप त्याच रात्री काढून टाकलं वगैरे काही नाही हं. चांगले चार महिने होतं अजून. पण त्या मंगळवारी मी पैसे द्यायला परत गेले, पळतच. वीसची नोट मुठीत धरून, घामाने पार लगदा झालेला. त्या माणसाला म्हटलं, दादा, परवाच्या बनाचे आणि चहाचे. तो माझ्याकडे बघतच राहिला. "कुठला बन?" त्याला आठवतच नव्हतं! त्याच्या लेखी तो पायरीवर बसलेल्या कुणाला तरी दिलेला एक बन होता, संपलं. नोट त्याने घेतली नाही. मग मी त्याच वीस रुपयांची खारी मागितली, तर ती मात्र तागडीत नीट तोलून दिली. काटा हलला म्हणून एक तुकडा काढूनही घेतला.

तिथूनच सुरू झाला हा मंगळवार.

तर त्या मुलीचा नंबर ग्रुपमध्ये कुणाकडे असेल तर मला इनबॉक्स करा. नवीन असल्यामुळे माझ्याकडे नाहीये, आणि सरांना मागायला आत्ता जीव होत नाही. तिला सांगायचंय, परवा मंगळवारी सव्वासहाला कर्वे पुतळ्यापाशी ये. वेग कासवाचा. साडेसातला रांगेत उभं राहायचं.

आणि हो, तिने सीटवर ठेवलेला केक निघताना मी उचलून घरी आणला होता. टाकवेना. हे लिहिता लिहिता खाल्ला. उष्टा होता, दिवसभरात कडाही सुकल्या होत्या. चहात बुडवला.