मेलेलं जनावर फाडून बघू नका: ‘रोग ओळखा घरच्या घरी’ या मेसेजला उत्तर

‘जनावराचा रोग ओळखा घरच्या घरी, प्रयोगशाळेची गरज नाही’ असा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. सात खुणा, प्रत्येक खुणेपुढे एक रोग, आणि तळाला ‘एका नामांकित पशुतज्ज्ञाचा सल्ला’ अशी बिननावाची सही. इतके दिवस मी तो वाचून सोडून देत होते. मग भाच्याचा फोन आला. संध्याकाळी नीट चारा खाल्लेली त्याची गाय सकाळी मरून पडली होती, पोट फुगलेलं, नाकाशी थोडं काळपट रक्त. तो विचारत होता, "मावशी, त्या मेसेजात म्हटलंय पोट फाडून बघा, कारण कळतं. बघू का?"

विचारलं ते बरं केलं. जनावरांचे अवयव आणि रक्ताच्या काचा तपासणं हाच माझा धंदा आहे. तरी माझ्या सख्ख्या भाच्याला माझ्याआधी हा मेसेज गाठतो, म्हणजे आता लिहायलाच हवं. मुद्दे मेसेजच्या क्रमाने घेणार नाही. जो जीव घेऊ शकतो तो आधी.

‘अचानक मेलेल्या जनावराचं पोट फाडून पाहा. रक्त काळं आणि न गोठलेलं असेल तर सर्पदंश समजा. बाकी अवयव स्वच्छ असतील तर मांस वापरायला हरकत नाही.’

हे ज्याने लिहिलं त्याला अँथ्रॅक्स, म्हणजे आपल्याकडे ज्याला फाशी म्हणतात तो रोग, माहीत नसावा. माहीत असून लिहिलं असेल तर मग बोलणंच खुंटलं. धडधाकट जनावर तासाभरात कोसळणं, मेल्यावर झपाट्याने फुगणं, नाका-तोंडातून आणि गुदद्वारातून डांबरासारखं न गोठणारं रक्त येणं, अंग नेहमीसारखं ताठ न होणं, ही त्या रोगाची पाठ्यपुस्तकी खूण आहे. मेसेजवाला हीच खूण पाहून सुरी काढायला सांगतो.

सुरी का नको, यामागे साधं जीवशास्त्र आहे. बॅसिलस अँथ्रॅसिस हा जिवाणू जिवंत जनावराच्या रक्तात नेहमीच्या, नाजूक रूपात वाढतो. जनावर मेलं आणि कातडी शाबूत राहिली, तर आत प्राणवायू उरत नाही, कुजवणारे जिवाणू माजतात आणि अँथ्रॅक्सचे जिवाणू त्यांच्यापुढे काही दिवसांत मरून जातात. तेच पोट फाडलं की रक्ताला हवा लागते, आणि हवा लागली की हा जिवाणू स्वतःभोवती कवच करून बीजाणू होतो. बीजाणूला ऊन, थंडी, कोरडेपणा काही करत नाही. तो मातीत कित्येक दशकं पडून राहतो आणि पुढे तिथे चरणाऱ्या जनावराच्या पोटात जातो. जे संकट कातडीच्या आत आपोआप संपत आलं होतं ते आपण हाताने जमिनीत पेरतो.

‘दशकं’ हा शब्द मी उगाच वापरत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, ब्रिटिशांनी स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर मेंढ्यांवर अँथ्रॅक्सचे प्रयोग केले. ते बेट पुढे माणसांना बंदच राहिलं. १९८६ मध्ये समुद्राच्या पाण्यात २८० टन फॉर्मल्डिहाइड मिसळून जमीन धुऊन काढली, तेव्हा कुठे १९९० साली ते सुरक्षित जाहीर झालं. गोठ्यामागच्या तुकड्यासाठी कोण एवढं करणार आहे?

माणसाचं तर वेगळंच. कापताना हाताला एखादा ओरखडा असला तरी पुरतो. तिथे न दुखणारी, मध्ये काळी पडणारी पुळी उठते. माणसांतल्या बहुतेक केसेस या त्वचेच्याच असतात आणि वेळेत प्रतिजैविक मिळालं तर बऱ्याही होतात. पण असं मांस खाल्ल्यावर होणारा आतड्याचा रोग, किंवा बीजाणू श्वासातून जाऊन होणारा फुप्फुसाचा रोग, ही फार वाईट प्रकरणं आहेत. ‘अवयव स्वच्छ दिसले तर मांस वापरा’ हे वाक्य लिहिणाऱ्याला मी काय म्हणू ते इथे छापता येणार नाही.

माझ्या शब्दावर विश्वास ठेवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये अन्न व कृषी संघटना आणि जागतिक पशुआरोग्य संघटना यांच्याबरोबर माणसांतल्या व जनावरांतल्या अँथ्रॅक्सवर मार्गदर्शिका काढली. शंका असलेलं शव उघडू नये, हे तिचं सांगणं आहे, आणि वर दिलेलं बीजाणूंचं कारणही त्यात आहे. या एका मुद्द्यापुरता तरी हा संदर्भ मेसेजमधल्या बिननावाच्या तज्ज्ञासमोर ठेवा आणि विचारा, तुमचं उत्तर काय?

मग निदान करायचं कसं? पशुवैद्यकाने कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब काचेवर घ्यायचा आणि त्याचा स्मिअर, म्हणजे पातळ पसरलेला थर, करायचा. पॉलीक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवला की चौकोनी टोकांचे निळे दंडगोल आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसतं. ब्रिटिश पशुवैद्यक जॉन मॅकफेडियन यांनी १९०३ मध्ये ही पद्धत मांडली, आणि ती अजून वापरात आहे. एक थेंब, एक टोचणी, पोटाला हात नाही. (डुकराच्या रक्तात मात्र जिवाणू फार कमी सापडतात, तिथे घशाच्या सुजेचा नमुना लागतो.)

आता सर्पदंशाबद्दल. काही सापांच्या विषाने रक्त गोठत नाही, हे खरं आहे, मान्य. पण म्हणूनच तर रक्त न गोठणं ही सर्पदंशाची खूण होऊ शकत नाही. दोन कारणांनी एकच चित्र दिसतं, तेव्हा चित्रावरून कारण ठरत नाही. आमच्या शास्त्रातला हा पहिला धडा आहे आणि त्या मेसेजच्या सातही मुद्द्यांनी तो चुकवला आहे.

भाच्याच्या गाईच्या स्मिअरमध्ये अँथ्रॅक्स निघाला नाही. त्यानंतरच पशुवैद्यकाने रीतसर शवविच्छेदन केलं. अन्ननलिकेचा गळ्यातला भाग लालबुंद होता आणि छातीत शिरल्यावर तीच नळी एकदम फिकट, मध्ये स्पष्ट रेघ. जिवंतपणी फुगलेल्या पोटाचा दाब छातीतलं रक्त बाहेर ढकलतो, म्हणून ही रेघ उमटते. म्हणजे गाय पोटफुगीने गेली. मेल्यावर तर प्रत्येकच गाय फुगते, तेव्हा पोट फुगलेलं दिसण्याला एकटं काही मोल नाही. मेसेजने मात्र तिला साप चावून मोकळं केलं असतं.

याच मुद्द्याखाली मेसेजात अवयवांचीही यादी आहे. ‘यकृत हिरवं-काळं दिसलं तर विषबाधा.’ नाही. मेल्यानंतर आतड्यातले जिवाणू हायड्रोजन सल्फाइड सोडतात, तो रक्तातल्या लोहाशी मिळतो आणि आतड्याला लागून असलेला यकृताचा भाग हिरवट-काळा होतो. पित्ताशयाशेजारी पित्त झिरपून हिरवा-पिवळा डाग पडतो तो वेगळाच. हा मृत्यूनंतरचा रंग आहे, मृत्यूचं कारण नव्हे. ‘एक फुप्फुस काळं तर न्यूमोनिया.’ जनावर ज्या कुशीवर पडलं त्या बाजूला रक्त उतरतं आणि तिकडचं फुप्फुस गडद होतं. खऱ्या न्यूमोनियात फुप्फुस घट्ट लागतं, बहुतेकदा त्याचा पुढचा-खालचा भाग धरतो, आणि तुकडा पाण्यात टाकला तर तरंगण्याऐवजी बुडू शकतो. रंगापेक्षा बोटांना काय लागतं ते महत्त्वाचं.

‘मेंढीचं मूत्रपिंड मऊ तर आंत्रविषार’ हा तर गमतीचा आहे, कारण अर्धा खरा आहे. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूच्या डी प्रकाराच्या विषाने मेलेल्या मेंढीचं मूत्रपिंड खरोखर लगद्यासारखं होतं. पण ते तसं होतं ते मेल्यावर फार लवकर कुजतं म्हणून. मग कुठल्याही कारणाने मेलेली मेंढी उशिरा उघडली तर तिचंही मूत्रपिंड मऊच मिळणार. मृत्यू किती वाजता झाला आणि शव किती वाजता उघडलं, हे ठाऊक नसेल तर त्या मऊपणाचा अर्थ लागत नाही. शंका असेल तर आतड्यातल्या द्रवात ते विष शोधावं लागतं.

रक्ताच्या रंगाबद्दल मेसेजने काळ्याखेरीज काही सांगितलेलंच नाही. तिथे डोळ्यांचा उपयोग होऊ शकला असता. नायट्रेटची विषबाधा झाली तर रक्त चॉकलेटी होतं, सायनाइडने ते लालभडक दिसतं. तेही पक्कं करायला तपासणी लागतेच.

दुसरा जीवघेणा मुद्दा: ‘तोंडातून लाळ गळते, गिळता येत नाही, म्हणजे घशात काहीतरी अडकलंय. जिभेच्या मुळापर्यंत हात घालून काढा.’

अडकलेलं असू शकतं. लाळ्या खुरकूत असू शकतो, तोंडात जखम असू शकते. आणि रेबीज असू शकतो. पिसाळलेलं प्रत्येक जनावर धावून येत नाही. गाय नुसती सुस्त होते, घोगरी हंबरते, कुंथत राहते, लाळ गाळते. पाहणाऱ्याला वाटतं घशात काही आहे. त्या तोंडात उघडा हात घालणं म्हणजे विषाणूला दार उघडून देणं, कारण तो लाळेतच असतो, आणि माणसात लक्षणं सुरू झाली की हा रोग जवळजवळ शंभर टक्के प्राणघातक आहे. हात घातलाच असेल, तर साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन लस सुरू करा. लक्षणांची वाट बघत बसू नका. रेबीजमध्ये शव उघडलं तरी नुसत्या डोळ्यांना खात्रीचं काही दिसत नाही. १९०३ मध्ये आदेल्की नेग्री या इटालियन शास्त्रज्ञाने मेंदूच्या पेशींत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे ठिपके वर्णन केले, पुढे त्यांनाच नेग्री बॉडीज म्हणू लागले. पण ते प्रत्येक वेळी सापडत नाहीत, म्हणून आता मेंदूच्या नमुन्यावर फ्लुरोसन्ट अँटिबॉडी चाचणी करतात. घरच्या घरी ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

‘लाल लघवी म्हणजे मुतखडा.’ लाल लघवीमागे गोचिडांमुळे होणारा बबेसिओसिस असतो, लेप्टोस्पायरोसिस असतो, व्यायल्यानंतर फॉस्फरस कमी पडल्याने फुटलेल्या तांबड्या पेशी असतात, मेंढीत तांब्याची विषबाधा असते, घोड्यात स्नायू फुटून आलेला रंग असतो. घरी एक करता येईल: लघवी स्वच्छ काचेच्या भांड्यात घेऊन न हलवता ठेवा. तांबडा थर तळाला बसला आणि वर पाणी निवळलं तर अख्ख्या पेशी, म्हणजे मूत्रमार्गातून रक्तस्राव. काहीच न बसता सगळं सारखं लाल राहिलं तर पेशी फुटून त्यांचा रंग उतरलाय किंवा स्नायूंचा रंग आलाय. याने रोग कळत नाही, पण डॉक्टरला फोनवर सांगण्याजोगं काहीतरी हातात येतं.

आता एक गोष्ट नाइलाजाने कबूल करते. ‘शेळी-मेंढीची खालची पापणी आतून पांढरी तर जंत’ हा मुद्दा बराचसा बरोबर आहे. हिमॉन्कस नावाचा रक्त पिणारा जंत चौथ्या पोटात राहतो आणि रक्तक्षय करतो. त्यासाठी पापणीचा रंग पाच पायऱ्यांच्या तक्त्याशी ताडून पाहण्याची फॅमाचा नावाची पद्धत आहे आणि ती शेतावर वापरण्यासाठीच तयार केली आहे. मेसेजने तो तक्ता गाळला, ही पद्धत शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे हे गाळलं, आणि पांढरेपणा यकृतातल्या चपट्या कृमींनी किंवा गोचीडतापानेही येतो हे गाळलं. तरी सातातला हा एक मुद्दा पास.

उरलेले झटपट. ‘नाक कोरडं म्हणजे ताप’: निरोगी गाईच्या नाकपुडीवर दव असतं, तेवढं खरं. पण कुत्र्याचं नाक झोपेतून उठल्यावरही कोरडं असतं. थर्मामीटर वापरा. गाईचं तापमान साधारण ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअस असतं, कोंबडीचं ४१ च्या आसपास. ‘कासेला सूज नाही म्हणजे कासदाह नाही’: सुप्त कासदाहात सूज नसतेच, दूधही पांढरंशुभ्र दिसतं, फक्त त्यातल्या पेशी वाढतात. १९५७ पासून त्यासाठी कॅलिफोर्निया मॅस्टायटिस टेस्ट आहे, गोठ्यात मिनिटभरात होते. ‘गाभ गेला म्हणजे अशक्तपणा’: गाभडण्यामागे ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा रोग असू शकतो. गाभडलेला गर्भ आणि वार उघड्या हाताने उचलू नका, तो माणसालाही होतो आणि महिनोन् महिने ताप पुरवतो.

शव उघडायचं ते पशुवैद्यकाने, अँथ्रॅक्स नाही हे ठरल्यावर. मग प्रयोगशाळेला नमुने नीट मिळू द्या. सूक्ष्मदर्शकासाठी अवयवाचा तुकडा एक सेंटिमीटरपेक्षा जाड नको, आणि तो स्वतःच्या दहापट १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचा. जिवाणू वाढवून बघायचे असतील तर दुसरा तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, बर्फावर, वेगळ्या डब्यात. सूक्ष्मदर्शकाचा तुकडा फ्रीझरमध्ये टाकू नका, बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात आणि आमच्या काचेवर मग भोकंच दिसतात. आणि डब्यावर जनावर कधी मेलं, कधी उघडलं ते लिहा, वेळेसकट.